टॉवर मुके होतात तेव्हा

२२ जुलै २०२१ ची पहाट चिपळूण, खेड आणि महाडची माणसे विसरणार नाहीत. रात्रभर पाऊस कोसळत होता. वाशिष्ठी, जगबुडी आणि सावित्री या नद्या पात्र सोडून वस्तीत आणि बाजारपेठेत शिरल्या. चिपळुणात कितीतरी घरांचा तळमजला पूर्ण बुडाला. वीज गेली, पाठोपाठ मोबाईलही बंद पडले. कोकणातल्या आपल्या किती घरांतले कर्ते पुरुष कुवेत, दुबई, दोहा, मस्कतला नोकरीला आहेत हे वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या दिवशी तिकडे बसलेल्या मुलाला टीव्हीवर आपल्या गावचे पाणी दिसत होते. पण अम्मी वरच्या मजल्यावर पोहोचली की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते.

त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे तिच्याखाली गेली. वाटेत पूर आणि दरडी असल्यामुळे बचाव पथके दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचली.

अशा वेळी माणसाला दोन प्रकारची माहिती लागते. एक मोठी: पाऊस किती पडला, धरणातून किती पाणी सोडले, सरकारने काय ठरवले. ती टीव्ही आणि आकाशवाणी देतात. दुसरी माहिती अगदी लहान, गल्लीपुरती असते. कोणत्या पुलावरून अजून जाता येते? कोणत्या शाळेचा वरचा मजला कोरडा आहे? होडी कुठे उभी आहे? इन्सुलिन कोणाकडे मिळेल? आजारी खालाला कोणत्या दवाखान्यात हलवले? जीव वाचतो तो बहुधा या लहान माहितीवर. ती फक्त तिथल्याच माणसांना ठाऊक असते, आणि नेमका त्यांचाच आवाज बंद पडलेला असतो.

हा आवाज चालू ठेवण्याचे काम जगभर एक छोटी जमात गेली शंभर वर्षे करत आली आहे. त्यांना हौशी रेडिओचालक किंवा बोलीभाषेत 'हॅम' म्हणतात. आपल्या घरांत हा शब्द फारसा पोहोचलेला नाही, म्हणून या महिन्यात त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हाला वाटले.

मोबाईल का गप्प होतो?

आपल्या हातातला मोबाईल शेजारच्या घरातल्या मोबाईलशी थेट बोलत नाही. त्याचा आवाज आधी टॉवरकडे जातो, तिथून केबलने कंपनीच्या केंद्रात जातो आणि मग परत शेजाऱ्याकडे येतो. या वाटेतली एक कडी तुटली की सगळेच तुटते. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, पण ती काही तासच पुरते. पुढे जनरेटरला डिझेल लागते आणि डिझेल न्यायला रस्ता लागतो. पुरात रस्त्याकडेची केबल वाहून जाते, भूकंपात इमारतीसकट टॉवर पडतो. एवढ्यातून काही टॉवर वाचले तरी सगळे गाव एकाच वेळी फोन लावायला लागते आणि लाईन मिळत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांनी याचा अनुभव घेतला.

हॅमच्या संचाला ही मधली साखळी लागत नाही. एक संच, गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणि उंचावर बांधलेली एक तार. समोरच्या माणसाकडेही तेवढेच असले की दोघे थेट बोलू शकतात. मध्ये कंपनी नाही, बिल नाही, टॉवर नाही.

बेटावरच्या संचाची गोष्ट

भारतातले या कामाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अंदमानचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ' या संस्थेचे एक लहान पथक पोर्ट ब्लेअरला गेले होते. पथकाच्या प्रमुख होत्या भारती प्रसाद. काम हौसेचेच होते. अंदमानातून हॅम रेडिओ चालवण्याची परवानगी अनेक वर्षांनी मिळाली होती, आणि जगभरचे हॅम या दुर्मीळ बेटाशी दोन शब्द बोलायला आसुसलेले होते. भारतीताई रात्र-रात्र संचासमोर बसून जपानपासून अमेरिकेपर्यंतच्या लोकांना उत्तरे देत होत्या.

२६ डिसेंबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पोर्ट ब्लेअर हादरले आणि काही वेळातच त्सुनामीच्या लाटा आल्या. बेटांचा मुख्य भूमीशी आणि एकमेकांशी असलेला संपर्क कोलमडला. पथकाने संच पुन्हा चालू केला, हौसेच्या गप्पा थांबवल्या आणि मुख्य भूमीवरच्या हॅमना परिस्थिती सांगायला सुरुवात केली. पुढे प्रशासनाच्या मदतीला त्यांचा संच लागला. पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला अडीचशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या कार निकोबारला लाटांनी उद्ध्वस्त केले होते. तिथेही हॅम संच नेऊन बसवला गेला. मदतकार्याचे निरोप तर गेलेच. त्यांच्याबरोबर 'अमुक कुटुंब सुखरूप आहे' एवढेच सांगणारे छोटे छोटे निरोपही मुख्य भूमीवर जाऊ लागले. ते तिथून संबंधित घरी फोनने कळवले जात.

एका ओळीचा असा निरोप ऐकणाऱ्याला काय देऊन जातो हे आखातातल्या माणसाची वाट पाहणाऱ्या घराला सांगावे लागत नाही.

याआधी २६ जानेवारी २००१ रोजी भूजच्या भूकंपात टेलिफोन यंत्रणा कोसळली, तेव्हाही हॅम आपले संच घेऊन कच्छमध्ये पोहोचले होते. केरळच्या २०१८ च्या महापुरात त्यांनी प्रशासनाबरोबर काम केले. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला, तेव्हा तिथले हॅमही मदतीला उतरले. हा छंद केवळ तंत्रज्ञांचा आहे असेही नाही. जॉर्डनचे बादशहा हुसेन स्वतः परवानाधारक हॅम होते आणि 'जेवाय-१' या आपल्या खुणेने जगभरच्या सामान्य माणसांशी बोलत. २०१८ मध्ये जॉर्डनने आपला पहिला छोटा उपग्रह सोडला, त्यालाही हेच नाव दिले. आपल्याकडे राजीव गांधीही हॅम होते.

संचापेक्षा शिस्त मोठी

शाळेत आम्ही मुलांबरोबर कानगोष्टीचा खेळ घेतो. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या कानात सांगतो, "शाळेमागच्या गल्लीत दोन बायका आणि एक तापाचे बाळ वरच्या मजल्यावर आहेत, होडी पाठवा." वर्गाचा फेरा पूर्ण होईपर्यंत कधी शाळा बुडालेली असते, तर कधी बाळ गेलेले असते. मुले पोट धरून हसतात. पुरात मात्र अशाच कानगोष्टीमुळे होडी चुकीच्या गल्लीत जाते. "धरण फुटले" एवढे दोन शब्द ऐकून लोक सुरक्षित माडी सोडून रस्त्यावरच्या पाण्यात उतरतात.

हॅम मंडळींनी या रोगावर उपाय शोधून ठेवले आहेत. रेडिओ नसलेल्या माणसानेही शिकावे असे ते आहेत.

पहिला उपाय, एका वेळी एकच बोलतो. आपत्तीत अनेक हॅम एकाच वारंवारतेवर जमतात. त्यांच्यातला एक जण सूत्रसंचालक होतो. कोणी कधी बोलायचे हे तोच ठरवतो. वर्गात हात वर केल्याशिवाय बोलायचे नाही, तसेच इथेही असते. बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणायचे, म्हणजे समोरच्याला आपली पाळी कळते.

दुसरा उपाय, निरोपांची प्रतवारी. जिवाला धोका असलेला निरोप सर्वांत आधी. त्यानंतर औषध, पाणी, रस्ता यांविषयीचे तातडीचे निरोप. मग नातेवाइकांची खुशाली. बाकी सगळे शेवटी. जीव धोक्यात असल्याचा निरोप आला की इतर सर्वांनी गप्प बसायचे, मग तुमचा निरोप कितीही महत्त्वाचा असो.

तिसरा उपाय, लिहून घेणे आणि वाचून दाखवणे. निरोप घेणारा तो कागदावर उतरवतो आणि शब्द न शब्द परत वाचून दाखवतो. पाठवणाऱ्याने "बरोबर" म्हटल्यावरच निरोप पोहोचला असे धरतात. आवाज खरखरत असेल तर नाव अक्षर-अक्षर सांगतात. 'ए' साठी अल्फा, 'बी' साठी ब्राव्हो, 'सी' साठी चार्ली असे ठरलेले शब्द असतात, त्यामुळे 'बी' आणि 'डी' यांचा घोळ होत नाही. आकडेही एकेक सांगतात. 'पंधरा' आणि 'पन्नास' यांची गल्लत होऊ शकते, 'एक-पाच' आणि 'पाच-शून्य' यांची होत नाही.

चौथा उपाय, वेळ आणि साक्ष. "पूल बंद आहे" हा अर्धाच निरोप झाला. "पूल बंद आहे, मी स्वतः पाहिला, सकाळी साडेसात वाजता" हा पूर्ण निरोप. दुपारी पाणी ओसरले की पहिला निरोप जुना होतो. वेळ लिहिलेली नसेल तर तो जुना झाला हे कळणार कसे? स्वतः पाहिले की कोणी सांगितले, हेही नोंदवावे लागते. सांगोवांगीचा निरोप पुढे द्यायचा असेल तर तो तसाच म्हणून द्यायचा.

व्हॉट्सअॅपवर आपण दिवसातून किती वेळा याच्या उलट वागतो, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

डोंगराआड आवाज कसा पोहोचतो?

हातात धरायचा छोटा हॅम संच बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. त्याच्या लहरी सरळ जातात. मोकळ्या मैदानात किंवा उंच गच्चीवरून त्या काही किलोमीटर पोहोचतात, मध्ये डोंगर आला की अडतात. डोंगरमाथ्यावर 'रिपीटर' नावाचे यंत्र असेल तर ते आवाज झेलून पुढे फेकते आणि पल्ला वाढतो. पण रिपीटरलाही वीज लागते, हे लक्षात ठेवायला हवे.

सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांना दुसरी युक्ती जास्त उपयोगाची आहे. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी आकाशात उंच असलेल्या विद्युतभारित थरावर आपटून खाली परत येतात. अँटेनाची तार जमिनीपासून फार उंच न बांधता थोडी खाली बांधली, तर लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि छत्रीसारख्या आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरवर उतरतात. मधला डोंगर आडवा येतच नाही, कारण आवाज त्याच्या डोक्यावरून येतो. यासाठी लागणारी तार साधारण वीस मीटर लांब असते. दोन नारळीच्या झाडांमध्ये ती सहज बांधता येते. दिवसाच्या वेळेनुसार आणि सूर्याच्या स्थितीनुसार या थराचे वागणे बदलते, म्हणून अनुभवी हॅम कोणत्या वेळी कोणती वारंवारता वापरायची याचा अंदाज बांधून ठेवतात. असा सराव पूर यायच्या आधीच व्हावा लागतो.

कायदा आणि मर्यादा

हॅम होण्यासाठी भारत सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा परवाना लागतो. त्यासाठी रेडिओचे मूलभूत ज्ञान आणि नियम यांची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी ही परीक्षा देऊ शकते. परवान्याचे दोन वर्ग आहेत. प्राथमिक वर्गासाठी मोर्सची कट्ट-कडकट्ट यावी लागत नाही, वरच्या वर्गासाठी ती येणे गरजेचे असते. परवाना हाती यायला काही महिने लागू शकतात. परवान्याबरोबर स्वतःची खूण मिळते. भारतातल्या बहुतेक खुणा 'व्हीयू-२' किंवा 'व्हीयू-३' ने सुरू होतात. बाजारात स्वस्तात मिळणारा संच आणून परवान्याशिवाय त्यावर बोलणे गुन्हा आहे. हौसेपोटी आपल्या मुलांनी ही चूक करू नये, एवढे पालकांनी पाहावे.

या रेडिओवर धंद्याचे बोलणे चालत नाही, गाणी लावता येत नाहीत आणि सांकेतिक भाषेत गुपिते सांगता येत नाहीत. एरवी तिऱ्हाइताचे निरोप नेण्यावरही बंधने आहेत. नैसर्गिक आपत्तीत मात्र जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांसाठी निरोप नेण्याची मोकळीक नियमांत ठेवलेली आहे. म्हणूनच चांगले हॅम स्वतःच्या मर्जीने धावत सुटत नाहीत, ते प्रशासनाशी जोडून घेऊन काम करतात.

हॅमचे बोलणे कोणीही ऐकू शकतो, ही गोष्टही विसरून चालणार नाही. त्यामुळे मृतांची नावे, एकट्या अडकलेल्या मुलीचा पत्ता, कोणाचा नाजूक आजार अशा गोष्टी हवेत सोडायच्या नाहीत. घरातले माणूस गेल्याची खबर खरखरत्या संचावरून परक्याच्या कानी पडू नये. ती कोणीतरी जवळ बसून सांगायची गोष्ट आहे.

आणखी एक. हॅम म्हणजे जादूचा दिवा नव्हे. आपल्याकडे त्यांची संख्या लोकसंख्येच्या मानाने फारच कमी आहे. ज्या तालुक्यात एकही हॅम नाही तिथे पुराच्या दिवशी तो आकाशातून उतरणार नाही.

मोहल्ल्याने काय करावे?

प्रत्येक घरात संच असावा असे आमचे म्हणणे नाही. पण एका मोहल्ल्यात, एका शाळेत, एका जमातीत किमान दोन-तीन परवानाधारक असावेत, ही अपेक्षा मोठी नाही. दहावी-बारावीच्या मुलामुलींना यात गोडी लागायला वेळ लागत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही हॅम संच आहे आणि जुलै २०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला हॅम रेडिओवरूनच भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले, एवढे सांगितले तरी वर्गाचे डोळे चमकतात. विशेषतः मुलींना यात मागे ठेवू नये. हे घरात बसून करता येणारे, डोके आणि धीर लागणारे काम आहे. अंदमानात त्या सकाळी पथकाची धुरा एका बाईच्याच हाती होती.

जवळच्या शहरात हॅमचा क्लब असेल तर त्यांना शाळेत बोलवावे. ही मंडळी शिकवायला आनंदाने येतात. आपत्तीत त्यांचा संच कुठे बसेल हे तहसील कचेरीत विचारून ठेवावे. संच एकच असला तरी त्याच्यापर्यंत निरोप नेणारी चार तरुण पोरे ठरलेली असली, तर सगळ्या मोहल्ल्याचा आवाज बाहेर जाऊ शकतो.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गल्लीची एक यादी कागदावर करावी. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले चाचा आहेत, कोण गरोदर आहे, कोणाला रोज इन्सुलिन किंवा डायलिसिस लागते, कोणाच्या घराला पक्की माडी आहे, होडी कोणाकडे आहे. ही यादी मोबाईलमध्ये ठेवू नये. मोबाईलची बॅटरी संपली की यादीही संपते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका विश्वासू व्यक्तीकडे द्यावी आणि चारचौघांत वाचू नये.

निरोप लिहिण्याचे कोरे कागदही तयार ठेवावेत. त्यावर सहाच रकाने पुरतात: कुठे, काय, किती माणसे, काय हवे, किती वाजता पाहिले, सांगणारा कोण. घाबरलेल्या माणसाला सुचत नाही; समोर रकाने असले की तो नेमके बोलतो.

बाहेरून आलेली माहिती शेवटच्या घरापर्यंत नेण्याचे साधन तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. ते म्हणजे मशिदीचा भोंगा. तो बॅटरीवर चालण्याची सोय करून ठेवावी. अट एकच, जे सांगायचे ते कोणाकडून आले आणि किती वाजता आले हे प्रत्येक वेळी सांगावे, आणि परिस्थिती बदलली की आधीची सूचना रद्द झाल्याचेही तितक्याच मोठ्या आवाजात सांगावे. मोहल्ल्यातल्या सर्व धर्मांच्या घरांना समजेल अशा साध्या मराठीत ते सांगावे. पाणी घराचे दार पाहून शिरत नाही.

हे सगळे एका दिवसात होणार नाही. परीक्षेला अभ्यास लागतो, परवान्याला महिने लागतात, आवाज ओळखायला सराव लागतो. पण यादी करायला एक रविवार पुरतो आणि कानगोष्टीचा खेळ तर आज रात्री जेवणानंतरही घेता येईल. घरातल्या सर्वांत लहान मुलाला पहिल्या जागी बसवा, निरोप त्याच्या कानात सांगा आणि शेवटी काय निघते ते पाहा. मग तोच निरोप कागदावर लिहून, वाचून दाखवून पुन्हा पाठवा. या दोन्हींतला फरक एकदा घराने पाहिला की पुढचे त्याला सांगावे लागणार नाही.